वृद्धांची साक्ष आणि जमिनीचा निवाडा
(कॅनडांतील एका खटल्याची हकीकत)

धर्मग्रामाची ज्युबिली आली म्हणजे जुन्या वह्या उघडल्या जातात. बाप्तिस्म्याच्या, विवाहांच्या आणि मृतांच्या नोंदी चाळल्या जातात; वेदी कोणत्या सालीं उभी राहिली, घंटा कोणीं दिली, यांचा शोध लागतो. परंतु वहींत जें मिळत नाहीं तें विचारावयास आपण शेवटीं गांवांतील वृद्धांकडेच जातों. विहीर कोणत्या कुटुंबानें खणली, क्रूस प्रथम कोणत्या बांधावर होता, पायवाट कोणाच्या वाडींतून जात असे, हें सारें तेच सांगतात. आपण तें आदरानें ऐकतों. परंतु तीच गोष्ट न्यायासनापुढें पुरावा म्हणून टिकेल काय, असा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतों.

जमिनीचा कज्जा उभा राहिला म्हणजे मात्र हा प्रश्न घराचा व पोटाचा होतो. एका बाजूस शिक्कामोर्तब झालेला कागद असतो, दुसऱ्या बाजूस आज्याकडून नातवाकडे आलेला शब्द असतो. आणि न्यायाधीशास दोहोंचें वजन करावें लागतें. हें वजन कसें करावें याविषयीं कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानें इ. स. १९९७ मध्यें खालच्या न्यायालयाचा पुराव्यासंबंधींचा निर्णय तपासून एक मोठा निवाडा दिला. तो देश दूरचा व ते लोक निराळे. तथापि ती हकीकत आपल्यासारख्या शेतीवाडी करणाऱ्या समाजानें समजून घ्यावी अशी आहे, म्हणून आम्ही ती येथें देत आहों.

कॅनडाच्या पश्चिम टोंकास ब्रिटिश कोलंबिया नांवाचा प्रांत आहे. त्याच्या वायव्य भागांत, स्कीना नदीच्या वरच्या खोऱ्यांत गिटक्सन नांवाचे लोक राहतात. आणि तिला मिळणाऱ्या बल्कली नदीच्या कांठीं व त्यापलीकडील प्रदेशांत वेट्सुवेटेन लोक राहतात. नदींतील सामन मासा, डोंगरांतील शिकार व रानांतील फळें यांवर त्यांचा पूर्वापार निर्वाह. दोहोंचा समाज घराण्यांचा बनलेला आहे. मूल आईच्या घराण्याचें समजलें जातें. प्रत्येक घराण्याचा एक नायक असतो, आणि त्या नायकाचें नांव हें व्यक्तीचें नांव नसून पदाचें नांव असतें. एक नायक निवर्तला म्हणजे तेंच नांव पुढील वारस धारण करतो. ज्या खटल्याची गोष्ट आम्ही सांगत आहों त्यास 'डेलगामूक' हें नांव मिळालें, तें असेंच एक पदाचें नांव होय. खटला चालूं असतां त्या पदावरील व्यक्ती बदलल्या, परंतु वादीचें नांव तेंच राहिलें.

या लोकांपाशीं सातबारा नव्हता, खरेदीखत नव्हतें, नकाशाही नव्हता. त्यांचें दप्तर त्यांच्या तोंडीं होतें. गिटक्सन लोकांच्या प्रत्येक घराण्याची एक पवित्र परंपरागत कथा असते, तिला ते 'अदाव्क' म्हणतात. पूर्वज कोठून आले, कोणत्या ओढ्यापासून कोणत्या शिखरापर्यंतची भूमि त्यांनीं मिळविली, कोणत्या संकटांतून ते गेले, हें तींत सांगितलेलें असतें. वेट्सुवेटेन लोकांत 'कुंगाख' नांवाचीं गीतें व नृत्यें असतात, आणि तींही भूमीशीं जोडलेलीं असतात. हें सारें एकान्तीं सांगावयाचें नसतें. नायक निवर्तला, नवा नायक बसला, किंवा घराण्याचा स्तंभ उभा राहिला, म्हणजे मोठी पंगत बसते. तींत इतर घराण्यांचे पाहुणे मुद्दाम बोलाविलेले असतात. त्यांच्या देखत कथा सांगितली जाते, सरहद्दी उच्चारल्या जातात आणि पाहुण्यांस भेटी दिल्या जातात. ज्यानें भेट घेतली तो साक्षी झाला. सांगण्यांत चूक असेल तर ती तेथेंच बोलून दाखविण्याचा त्याचा हक्क.

आपल्या देशांत ही रीत अगदींच अपरिचित आहे असें नाहीं. मराठी राज्यांत वतनाचा किंवा शिवेचा तंटा पडला म्हणजे गोतसभा बसे. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार व आसपासच्या गांवांतील जाणतीं माणसें बोलावून त्यांची साक्ष घेतली जाई, आणि निर्णय झाला म्हणजे महजर लिहून त्यावर सर्वांच्या निशाण्या होत. भेद इतकाच कीं, आपल्याकडे गोताचें बोलणें शेवटीं कागदावर उतरे. त्यांच्याकडे तें पुढच्या पंगतीपर्यंत लोकांच्या स्मरणांत राही.

आतां राज्यसत्तेची बाजू पाहूं. इ. स. १७६३ मध्यें इंग्लंडच्या राजानें जाहीरनामा काढून असें ठरविलें होतें कीं, मूळ रहिवाशांची भूमि घ्यावयाची ती राजसत्तेनें त्यांच्याशीं रीतसर करार करून घ्यावी. परंतु ब्रिटिश कोलंबियांत व्हँकूवर बेटावरील थोडे करार व ईशान्य भागांतील १८९९ चा करार वगळतां फारसे करार झालेच नाहींत. इ. स. १८७१ मध्यें तो प्रांत कॅनडाच्या संघराज्यांत सामील झाला, आणि मूळ लोकांचा जमिनीवर हक्क असा नाहींच, अशीच त्या प्रांताच्या सरकारची भूमिका पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ राहिली. गिटक्सन व वेट्सुवेटेन यांनीं आपल्या भूमीविषयीं करार केला नव्हता. ती त्यांनीं विकलीही नव्हती.

त्याहून वाईट गोष्ट अशी कीं, ज्या पंगतींत या लोकांचें दप्तर राखलें जाई त्या पंगतीच कायद्यानें गुन्हा ठरल्या. इ. स. १८८५ पासून लागू झालेली ही बंदी १९५१ पर्यंत कायद्यांत होती. ती घालावी म्हणून ज्यांनीं सरकारकडे मागणी केली त्यांत मिशनरीही होते, आणि त्यांत आपल्या कॅथोलिक पंथाचे पाद्रीही होते, हें आम्हांस लपवितां येत नाहीं. पंगतींत अमाप दानधर्म होऊन लोक दरिद्री होतात व जुन्या समजुतींस चिकटून राहतात, असें त्यांस वाटे. ज्या घरांत हे लोक आपला न्याय व आपला इतिहास ठेवीत होते त्याच घरास आपण कुलूप लावीत आहों, हें त्यांच्या ध्यानीं आलें नाहीं. पुढें १९२७ पासून १९५१ पर्यंत दुसराही एक निर्बंध होता: जमिनीच्या दाव्यासाठीं मूळ लोकांकडून सरकारच्या परवानगीवांचून पैसा जमविणें हाही अपराध ठरला. म्हणजे पुरावा राखण्यास बंदी आणि वकील देण्यासही बंदी.

याच प्रदेशाच्या शेजारीं आपल्या धर्माचा एक विद्वान् सेवक राबत होता, त्याचाही उल्लेख करणें न्याय्य होईल. ऑब्लेट संघाचे फ्रेंच धर्मगुरू फादर एड्रियन गॅब्रिएल मोरिस (१८५९–१९३८) हे इ. स. १८८५ मध्यें स्टुअर्ट सरोवराच्या मिशनांत आले. वेट्सुवेटेन लोकांच्या भाषेशीं नातें असलेली तेथील भाषा ते शिकले, तिच्यासाठीं त्यांनीं लिपि तयार केली, आणि १९०४ सालीं त्या प्रदेशाचा इतिहास ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. वेट्सुवेटेन लोकांच्या एका मुख्य गांवास पुष्कळ वर्षें त्यांच्याच नांवावरून मोरिसटाउन म्हणत. आतां त्या गांवानें विट्सेट हें नांव घेतलें आहे. एकच पंथ, परंतु एका हातानें पंगती बंद करण्याची मागणी झाली आणि दुसऱ्या हातानें लोकांची भाषा लिहून ठेविली गेली. इतिहास लिहितांना दोन्ही हात दाखविले पाहिजेत.

कायद्याचा पहिला मोठा दगड इ. स. १८८८ मध्यें बसला. लंडन येथील प्रिव्ही कौन्सिलानें सेंट कॅथरिन्स मिलिंग कंपनीच्या खटल्यांत असें सांगितलें कीं, मूळ लोकांचा हक्क केवळ उपभोगाचा व राजाच्या मर्जीवर अवलंबून असणारा आहे. तो वाद कॅनडाचें मध्यवर्ती सरकार व ऑन्टारियो प्रांत यांच्या हितसंबंधांचा होता. ज्यांची भूमि होती ते लोक त्यांत पक्षकारही नव्हते. याच प्रिव्ही कौन्सिलाकडे आपल्या मुंबई इलाख्यांतील जमिनीचीं अपिलेंही जात, आणि तिची सत्ता हिंदुस्थानावरून व कॅनडावरून एकाच सालीं, १९४९ मध्यें, उठली. त्यानंतर १९७३ सालीं निस्गा लोकांचे पुढारी फ्रँक कॅल्डर यांच्या खटल्यांत कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयांतील सहा न्यायाधीशांनीं मूळ लोकांचा असा हक्क कायद्यांत असूं शकतो हें मान्य केलें. मात्र तो हक्क पुढें नष्ट झाला कीं नाहीं यावर त्यांचे तीन विरुद्ध तीन असे तट पडले. दार उघडलें नाहीं, परंतु कडी निघाली.

या पार्श्वभूमीवर इ. स. १९८४ मध्यें गिटक्सन व वेट्सुवेटेन नायकांनीं प्रांताच्या सरकारवर दावा लावला. त्यांनीं मागितलेली भूमि सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या पंधरापटीहून अधिक होती. सुनावणी मे १९८७ मध्यें स्मिथर्स या त्यांच्याच प्रदेशांतील गांवीं सुरू झाली, आणि पुढें दूर व्हँकूवर शहरीं चालली. ती १९९० मध्यें संपली तेव्हां न्यायालय ३७४ दिवस बसलेलें होतें. ६१ साक्षीदार तपासले गेले, त्यांतील पुष्कळ दुभाष्याच्या मार्फत बोलले. आणि सुमारे ९,२०० कागद व वस्तू पुराव्यांत दाखल झाल्या. अतिवृद्ध माणसांच्या जबान्या अगोदरच घेऊन ठेविल्या होत्या, कारण निकाल लागेपर्यंत तीं जगतील याची खात्री नव्हती.

या सुनावणींतील एक प्रसंग पुष्कळांनीं सांगितला आहे. अँटगुलिलिबिक्स हें पद धारण करणारी एक वृद्ध गिटक्सन स्त्री आपल्या घराण्याची कथा सांगत होती. कथेंतील एक शोकगीत गाइल्यावांचून कथा पुरी होत नाहीं, म्हणून वकिलांनीं तें गाऊं द्यावें अशी विनंति केली. मुख्य न्यायाधीश ॲलन मॅकएकर्न यांस तें न्यायालयांत गैर वाटलें. गीत लिहून दिलें तरी पुरे, आपणांस गाण्याचा कान नाहीं, अशा अर्थाचें ते बोलले. शेवटीं तिनें तें गाइलें. न्यायाधीश दुष्ट होते असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. त्यांनीं तीन वर्षें चिकाटीनें साक्षी ऐकल्या, त्या प्रदेशांतही ते हिंडले. परंतु एका बाजूस दस्तऐवज गाण्यांत होता, आणि दुसऱ्या बाजूस गाणें हा दस्तऐवज असूं शकतो ही कल्पनाच नव्हती.

दुसरें एक उदाहरण अधिक विचार करावयास लावणारें आहे. गिटक्सन लोकांच्या एका कथेंत एक राक्षसी अस्वल डोंगरावरील ओढ्याच्या वाटेनें झाडें मोडीत खालीं उतरतें व लोकांचा संहार करतें असें वर्णन आहे. भूगर्भशास्त्रज्ञांनीं सीली सरोवराजवळील ठिकाणची परीक्षा करून न्यायालयापुढें सांगितलें कीं, सुमारे ३,५०० वर्षांपूर्वीं तेथें खरोखर मोठी दरड कोसळली होती. अस्वल कोणी पाहिलें असेल वा नसेल. परंतु डोंगर कोसळला त्या वेळीं तेथें माणसें होतीं, आणि त्यांच्या वंशजांनीं ती आठवण टाकली नाहीं, असें वादींचें म्हणणें होतें.

निकाल ८ मार्च १९९१ रोजीं लागला आणि तो नायकांच्या विरुद्ध गेला. पुराव्याविषयीं त्यांत तीन गोष्टी ठरल्या, आणि पुढील सारा वाद या तिहींवर आहे. पहिली: घराण्यांच्या कथा व गीतें दाखल करून घेण्यास हरकत नाहीं, परंतु त्यांस स्वतंत्र वजन नाहीं. त्यांत दंतकथा मिसळलेली आहे व विवक्षित जमिनीविषयीं तपशील थोडा आहे, म्हणून दुसऱ्या पुराव्यास पुष्टि देण्यापुरताच त्यांचा उपयोग. दुसरी: साक्षीदारांनीं आपल्या आजाआजींच्या काळच्या वहिवाटीच्या ज्या आठवणी सांगितल्या त्या इतक्या मागच्या काळापर्यंत पोंचत नाहींत कीं त्यांवरून प्राचीन वहिवाट सिद्ध व्हावी. तिसरी: नायकांनीं आपापल्या सरहद्दींविषयीं प्रतिज्ञापत्रें दिलीं, तींही ग्राह्य नाहींत, कारण तो लौकिक त्या समाजापुरताच आहे, शेजारच्या जमातींस तो मान्य नाहीं, आणि जमिनीची मागणी सुरू झाल्यानंतर त्याची वारंवार चर्चा झालेली असल्यामुळें तो निर्मळ राहिलेला नाहीं. या लोकांत राहून त्यांचा अभ्यास केलेल्या मानववंशशास्त्रज्ञांची साक्षही पक्षपाती म्हणून बाजूस सारली गेली. उलट १८२० च्या सुमारास त्या भागांत आलेल्या ब्राऊन नांवाच्या एका फर-व्यापाऱ्याच्या लेखी नोंदींस मात्र मोठें वजन मिळालें. परक्या माणसानें कांहीं वर्षांत लिहिलेलें पुरावा झालें. घरच्या माणसांनीं पिढ्यान्पिढ्या राखलेलें झालें नाहीं.

अपील झालें. १९९३ सालीं प्रांताच्या अपील न्यायालयांतील पांचांपैकीं तीन न्यायाधीशांनीं मालकीचा दावा फेटाळलेला कायम ठेविला. मात्र मूळ लोकांचे सारेच हक्क नष्ट झाले होते हें म्हणणें त्यांनींही स्वीकारलें नाहीं. मग प्रकरण ओटावा येथील सर्वोच्च न्यायालयापुढें आलें, आणि ११ डिसेंबर १९९७ रोजीं मुख्य न्यायाधीश आंत्वान लामेर यांनीं प्रमुख निवाडा दिला.

येथें एक कायद्याची बारीक गोष्ट समजून घेतली पाहिजे. वरिष्ठ न्यायालय साधारणतः खालच्या न्यायाधीशानें ठरविलेल्या वस्तुस्थितींत हात घालीत नाहीं. कारण साक्षीदाराचा चेहरा, त्याचा आवाज व त्याची चांचरणी त्या न्यायाधीशानें पाहिलेली असते. मग येथें हात कां घातला? निवाड्याचें उत्तर असें: साक्षीदार खरा कीं खोटा हें ठरविण्यांत चूक झाली असती तर गोष्ट निराळी. येथें चूक तराजूंतच होती. ज्यांच्यापाशीं लेखनकला नव्हती अशा लोकांचा पुरावा कोणत्या अडचणींतून येतो याचा विचार करूनच पुराव्याचे नियम लावावेत, असें सर्वोच्च न्यायालयानें आदल्याच वर्षीं, १९९६ मध्यें, व्हान डर पीट यांच्या प्रकरणांत सांगितलें होतें. तो विचार या खटल्यांत झाला नाहीं, म्हणून वरिष्ठ न्यायालयास मध्यें पडणें भाग आलें.

मग तिन्ही गोष्टी एकेक करून तपासल्या गेल्या. कथांविषयीं निवाड्यानें म्हटलें कीं, त्या अमान्य करण्यास जीं कारणें दिलीं तीं कोणत्याही जमातीच्या कोणत्याही तोंडी इतिहासास लागू पडतील. तोंडी इतिहासांत श्रद्धा, बोध व घटना हीं नेहमींच एकत्र असतात. तीं कारणें मानलीं तर असा इतिहास कधींही आपल्या बळावर उभा राहूं शकणार नाहीं, आणि ज्यांच्यापाशीं दुसरा पुरावा नाहीं त्यांस न्यायालयाचें दार कायमचें बंद होईल. म्हणून तोंडी इतिहास लेखी दस्तऐवजांच्या बरोबरीच्या पायावर ठेवून तपासला पाहिजे. आठवणींविषयीं म्हटलें कीं, दीडदोनशें वर्षांपूर्वींची वहिवाट निर्विवाद दाखवा अशी अपेक्षा करणें म्हणजे अशक्य मागणें होय; अलीकडच्या काळांतील वहिवाटीवरूनही मागच्या वहिवाटीचें अनुमान करतां येतें. प्रतिज्ञापत्रांविषयींचें उत्तर तर फार मार्मिक आहे. जमिनीची चर्चा वारंवार झाली म्हणून पुरावा बिघडला असें खालचें न्यायालय म्हणालें होतें. परंतु ज्यांचा इतिहास बोलण्यांतच जगतो त्यांनीं तो बोलून दाखविला नाहीं तर तो मरेल. बोलणें हा त्या पुराव्याचा दोष नव्हे. तेंच त्याचें जतन होय.

इतकें झाल्यावर न्यायालयानें जमीन कोणाची हें ठरविलें काय? नाहीं. मूळ दावा स्वतंत्र घराण्यांच्या मालकीचा होता. अपिलांत त्याचें रूप बदलून दोन्ही लोकांचा सामुदायिक हक्क असें झालें, आणि त्या बदललेल्या दाव्यास उत्तर देण्याची संधि प्रतिपक्षास मिळाली नव्हती. शिवाय पुराव्याचें वजनच चुकलें होतें. म्हणून नवीन सुनावणी व्हावी असा हुकूम झाला. त्याबरोबरच हक्क सिद्ध करण्याची कसोटीही न्यायालयानें सांगितली: इ. स. १८४६ मध्यें ब्रिटिश सार्वभौमत्व त्या प्रदेशावर स्थिर झालें त्या वेळीं ती भूमि त्या लोकांच्या एकट्याच्या वहिवाटींत होती हें दाखविलें पाहिजे. आणि शेवटीं मुख्य न्यायाधीशांनीं सल्ला दिला कीं, तुम्हां सर्वांस येथेंच राहावयाचें आहे. तेव्हां न्यायालयापेक्षां वाटाघाटीनें मार्ग काढाल तर बरें.

ती नवी सुनावणी झालीच नाहीं. पुन्हां तितकीं वर्षें व तितका पैसा कोठून आणावा? ज्या वृद्धांनीं साक्ष दिली त्यांतील अनेक तोंवर निवर्तले होते. जिंकलेला तत्त्वाचा निवाडा आणि हातीं न आलेली जमीन, अशी त्या लोकांची स्थिति झाली. इ. स. २०२० मध्यें वेट्सुवेटेन प्रदेशांतून वायूची नळवाट नेण्यावरून मोठा तंटा उठला व देशभर रेल्वेमार्ग अडविले गेले. त्यानंतर त्या वर्षाच्या १४ मे रोजीं दोन्ही सरकारांनीं वेट्सुवेटेन नायकांशीं एका समजुतीच्या लेखावर सह्या करून त्यांच्या घराण्यांचा हक्क तत्त्वतः मान्य केला.

परंतु तत्त्व वांया गेलें नाहीं. त्याच प्रांतांतील त्सिल्कोतिन लोकांच्या खटल्यांत न्यायाधीश डेव्हिड व्हिकर्स यांनीं ३३९ दिवस सुनावणी केली, वृद्धांच्या कथा नव्या तराजूनें तोलल्या; आणि अखेर २६ जून २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सुमारे १,७०० चौरस किलोमीटर भूमीवर त्या लोकांचा हक्क जाहीर केला. कॅनडांत असें हें पहिलेंच होय. दुसऱ्या बाजूनें, २००१ सालच्या मिचेल यांच्या प्रकरणांत त्याच न्यायालयानें असेंही बजाविलें कीं, तोंडी पुराव्यास कमी लेखूं नये, तसें त्याला पेलवणार नाहीं इतकें ओझेंही त्यावर लादूं नये. म्हणजे वृद्ध जें सांगतात तें सारें आपोआप खरें होत नाहीं. त्याची पारख झालीच पाहिजे. मात्र पारख करण्याआधींच तें टाकून देऊं नये.

आतां आपल्या घराकडे वळूं. आपल्या देशांत १८७२ सालचा पुराव्याचा कायदा दीडशें वर्षें चालला, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम त्याच्या जागीं आला. दोहोंतही ऐकीव साक्ष साधारणतः वर्ज्य आहे. परंतु एक अपवाद दोहोंत आहे: मृत झालेल्या जाणत्या माणसानें सार्वजनिक हक्काविषयीं किंवा रूढीविषयीं जें सांगितलें असेल तें ग्राह्य आहे, जर तें त्यानें तंटा उत्पन्न होण्यापूर्वीं सांगितलें असेल तर. पायवाट, पाणवठा, गुरचरण, स्मशान यांच्या वादांत या शब्दांचें महत्त्व किती आहे हें जाणत्यांस सांगावयास नको. तसेंच तीस वर्षांहून जुना कागद योग्य ठिकाणाहून निघाला तर त्यावरील सही खरी मानण्याची मुभा न्यायालयास आहे.

आणि ज्या कागदावर आपला फार भरंवसा असतो त्याविषयींही एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आपल्याकडील हक्कनोंदणी १९०३ च्या मुंबई कायद्यापासून सुरू झाली. आज सातबाऱ्यावरील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी समजली जाते. परंतु आपल्या सर्वोच्च न्यायालयानें वारंवार सांगितलें आहे कीं, फेरफाराच्या नोंदीनें मालकी उत्पन्न होत नाहीं व नष्टही होत नाहीं. ती मुख्यतः सारावसुलीसाठीं आहे. म्हणजे कागद हा देखील एक साक्षीदारच होय. त्यालाही प्रश्न विचारतां येतात: तुला कोणीं लिहिलें, कोणाच्या सांगण्यावरून लिहिलें, आणि लिहितांना ज्याची जमीन तो हजर होता काय?

धर्मसभेनेंही या विषयांत आपला भूतकाळ तपासला आहे. पंधराव्या शतकांतील कांहीं पोपांच्या आज्ञापत्रांचा आधार घेऊन युरोपीय राजांनीं नव्यानें शोधलेल्या भूमीवर हक्क सांगितला होता. पोप फ्रान्सिस जुलै २०२२ मध्यें कॅनडांत जाऊन मूळ लोकांस भेटले व त्यांची क्षमा मागितली. आणि ३० मार्च २०२३ रोजीं व्हॅटिकननें प्रसिद्ध केलेल्या निवेदनांत तो शोधाचा सिद्धान्त धर्मसभेच्या शिकवणुकीचा भाग नाहीं असें स्पष्ट सांगितलें.

या हकीकतींतून आपल्या धर्मग्रामानें काय घ्यावें? आमच्या मतें त्या नायकांच्या पंगतींत एक मोठें शहाणपण होतें. त्यांनीं आपली सरहद्द घरांत दार लावून सांगितली नाहीं. ज्यांस ती खोडून काढण्याचा हक्क होता त्यांनाच बोलावून त्यांच्यासमोर सांगितली. म्हणूनच ती टिकली. आपल्या गांवांतील वृद्ध मंडळी आज आहेत. विहिरीची, बांधाची, वाटेची, क्रूसाच्या जागेची जी माहिती त्यांच्यापाशीं आहे ती तंटा उभा राहण्यापूर्वीं, शेजारचीं कुटुंबें जवळ बसवून, विचारून घ्यावी. कोणीं सांगितलें, त्यांस तें कोणापासून कळलें, कोणत्या दिवशीं लिहिलें व कोण हजर होते, हें खालीं नोंदवावें. ज्यास तें मान्य नसेल त्याचें म्हणणेंही तितक्याच प्रामाणिकपणें लिहावें. लिहिणाऱ्यानें आपल्या सोयीचें तेवढेंच उतरविलें तर ती वही ब्राऊन व्यापाऱ्याच्या वहीहून बरी ठरणार नाहीं.

ज्युबिलीच्या निमित्तानें वाड्यावाड्यांतून जुने फोटो व जुनीं पत्रें गोळा होत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्याबरोबर एक कोरी वही घेऊन तरुण मंडळींनीं आपल्या आजाआजींपाशीं बसावें, असें आम्ही नम्रपणें सुचवितों. पुढील ज्युबिलीस हे वृद्ध आपणांत असतीलच असें नाहीं. परंतु त्यांचा शब्द खरेपणानें राखून ठेवणें आपल्या हातीं आहे. परमेश्वर त्यांस दीर्घायुष्य देवो, आणि आपणांस ऐकण्याचा कान देवो.